शीळकरी कस्तूर आणि मोरीतले ‘शेवाळ’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पावसाळी पुरवणीत ओढ्यातल्या दगडावर बसलेल्या शीळकरी कस्तुराचे सुरेख छायाचित्र प्रसिद्ध झाले आहे. कपाळावरची आणि खांद्यावरची निळाई त्यात इतकी स्वच्छ आली आहे की छायाचित्रकाराचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. छायाचित्राखाली दोन ओळी आहेत. हा पक्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत, म्हणजे कोणत्या जातीला नाहीशी होण्याचा किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीत, ‘किमान चिंतेच्या’ वर्गात आहे, असे पहिली ओळ सांगते, आणि दुसऱ्या ओळीत तो ‘शेवाळाने माखलेल्या दगडावर’ बसल्याचे म्हटले आहे. पहिली ओळ बरोबर आहे. दुसऱ्या ओळीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्या दगडावरची चपटी, फाटे फुटत गेलेली, कडा किंचित उचललेली हिरवी पाती नीट पाहिली तर ते शेवाळ नाही, ती यकृतका (इंग्रजीत लिव्हरवर्ट) ही फुले न येणारी, ओलीत वाढणारी लहान वनस्पती आहे. एका चौकटीत दोन जीव टिपले गेले आणि नाव, वर्ग व संरक्षणाची स्थिती त्यांपैकी एकाच्याच वाट्याला आली. ही चूक आपल्या उपसंपादकांची नसून आपल्या सर्वांच्या सवयीची आहे, आणि त्या सवयीची किंमत सह्याद्रीतल्या घाटांत मोजावी लागते, असे माझे मत आहे.

शीळकरी कस्तुराची ओळख घाटमाथ्यावरच्या माणसाला करून द्यायला नको. आषाढात झुंजुमुंजू होण्याआधी, धुक्यात काहीही दिसत नसताना, दरीतून एक शीळ येते. तिला ठरलेली चाल नसते. एखादा मुलगा शाळेच्या वाटेवर स्वतःच्या नादात शीळ घालत चालला असावा, तशी ती मध्येच तुटते, वर चढते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. इंग्रजांनी त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ हे टोपणनाव दिले ते यामुळेच. वर्गीकरणात हा प्राणिसृष्टीतला, पृष्ठरज्जू असलेल्या प्राण्यांच्या संघातला, पक्षिवर्गातला आणि पॅसेरिफॉर्मिस गणातला जीव आहे. जगातल्या पक्ष्यांच्या निम्म्याहून अधिक जाती या एका गणात मोडतात. त्याचे शास्त्रीय नाव मायोफोनस हॉर्सफील्डाय. थॉमस हॉर्सफील्ड या अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञांनी 1831 मध्ये ते दिले. हा पक्षी भारतीय द्वीपकल्पाबाहेर सापडत नाही.

त्याच्या कुळाची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा तो खऱ्या कस्तुरांच्या, म्हणजे टर्डिडी कुळात गणला जाई. पुढे डीएनएच्या अभ्यासातून, विशेषतः 2010 च्या सुमारास, असे स्पष्ट झाले की त्याचे जवळचे नाते माशीमार पक्ष्यांच्या मस्किकॅपिडी कुळाशी आहे. आपल्या अंगणातला दयाळही आता त्याच कुळात आहे. म्हणजे नावाने कस्तूर असलेला हा पक्षी नारिंगी डोक्याच्या कस्तुरापेक्षा दयाळाचा जवळचा भाऊबंद ठरला. लोकांनी नाव बदलले नाही आणि बदलण्याचे कारणही नाही, पण पुस्तकातले पान बदलले. त्याच्यावर सतत कोणीतरी काम करीत आहे, म्हणूनच ते बदलू शकले.

आता त्याच घाटातल्या दुसऱ्या जिवाकडे येतो. छायाचित्रातल्या दगडावरची यकृतका नेमकी कोणती हे छायाचित्रावरून ठरवणे योग्य होणार नाही, म्हणून मी ज्या यकृतकेला तीस वर्षे पावसाळ्या-पावसाळ्यात भेटत आलो आहे तिच्याविषयी लिहितो. तिचे नाव सायाथोडियम ट्यूबरोजम. महाबळेश्वरच्या वाटेवरील एका घाटरस्त्यावर जुन्या दगडी बांधकामाची, चुन्यात बांधलेली एक मोरी होती. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तिच्या आत वाकून पाहिले की सुरुवातीला फक्त अंधार दिसे. डोळे सरावले की उजव्या भिंतीवर, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, पोपटी-सोनेरी रंगाचा एक पट्टा उजळत असे. ही वनस्पती स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. तिचे पाते अवघ्या दोन-तीन पेशींच्या जाडीचे असते, आणि आत येणारा अंधूक प्रकाश तिच्या पेशी अशा रीतीने गोळा करून परतवतात की पाहणाऱ्याला ती आतून उजळल्यासारखी भासते. बोटाने स्पर्श केला तर पाते ओल्या कागदासारखे फाटते, म्हणून मी विद्यार्थ्यांना हात मागे बांधून पाहायला सांगत असे. पाऊस ओसरू लागला की पात्यांच्या टोकांशी बारीक कंद तयार होतात, बाकीचे पाते वाळून जाते आणि पुढल्या पावसापर्यंत भिंतीवर काहीही उरलेले दिसत नाही.

वर्गीकरणात ही वनस्पतिसृष्टीतली आहे. तिचा विभाग मार्केंशिओफायटा, वर्ग मार्केंशिऑप्सिडा, गण मार्केंशिएलिस आणि कुळ सायाथोडिएसी. तिच्याही कुळाचे पान बदललेले आहे. पूर्वी तिला टार्जिओनिया या दुसऱ्या यकृतकेच्या कुळात बसवीत, आता तिच्या वंशाला स्वतंत्र कुळ दिले गेले आहे. या जातीचे वर्णन ज्यांनी केले ते शिवराम कश्यप (1882–1934) लाहोरला अध्यापन करीत आणि भारतीय शेवाळीशास्त्राचे, म्हणजे यकृतका आणि त्यांच्या जवळच्या वनस्पतींच्या अभ्यासाचे, जनक म्हणून ओळखले जातात. पश्चिम हिमालयातल्या आणि पंजाबच्या मैदानातल्या यकृतकांवरील त्यांचा ग्रंथ 1929 आणि 1932 मध्ये दोन भागांत निघाला. आज आपल्याकडे पक्ष्यांचा विषय निघाला की सालिम अली यांचे नाव शाळकरी मुलेही घेतात, आणि ते रास्तच आहे. पण कश्यप यांचे नाव वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांनाही क्वचितच आठवते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या दोन जिवांची तुलना वर्गीकरणाच्या तक्त्यात शेजारी-शेजारी लिहून होत नाही. केंद्रकयुक्त पेशी असलेले जीव, एवढ्या एका मोठ्या घरापलीकडे दोघांचे काही सामाईक नाही. कुळांची नावेही दोन वेगळ्या नियमावल्यांनुसार होतात. प्राण्यांच्या कुळाच्या नावाअखेर ‘इडी’ येते, वनस्पतींच्या कुळाच्या नावाअखेर ‘एसी’. त्याहून मोठा फरक जगण्याच्या रीतीत आहे. पक्ष्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि एकच संच फक्त अंड्यात व शुक्राणूत. यकृतकेचे आपल्याला दिसणारे सगळे हिरवे शरीर एका संचाचे असते. दोन संचांची पिढी त्या पात्यावरच वाढते, त्यावरच पोसली जाते आणि बीजाणू सोडून संपते. नराच्या पेशीला मादीपर्यंत पोहोचायला पाण्याची पातळ फिल्म लागते, म्हणूनच ओल हा तिच्या वंशवृद्धीचा मार्गच आहे. सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत यकृतकांसारख्या वनस्पतींच्या बीजाणूंचे अवशेष सापडले आहेत. जमिनीवर पहिल्यांदा वसती करणाऱ्या वनस्पतींची रीत आजही जपणारा हा गट आहे.

शास्त्रात हा गट इतका वेगळा असताना मराठीत त्याची काय अवस्था आहे, ते पाहावे. पक्ष्याला कस्तूर, शीळकरी कस्तूर, मलबारी कस्तूर अशी नावे आहेत. यकृतका हा शब्द कोशात आहे, पाठ्यपुस्तकात आहे, बोलण्यात नाही. बोलण्यात विहिरीतल्या पाण्यावरचे हिरवे तंतू, कौलावरची मऊ मखमल, मोरीतली ही पोपटी पाती आणि न्हाणीघरातला निसरडा थर या सगळ्यांना एकच शब्द आहे, शेवाळ. त्यातले पहिले शैवल, दुसरी हरिता, तिसरी यकृतका, आणि यांच्यातले अंतर कधी कधी नारळ आणि नेचा यांच्यातल्या अंतराहूनही अधिक आहे. शिवाय ‘शेवाळ’ या शब्दाला आपण जोडतो ती क्रियापदे बहुधा दोनच असतात: शेवाळ धरते आणि शेवाळ काढतात. ज्याला स्वतःचे नाव नाही ते घाण म्हणून खरवडले जाते. यकृतका हा शब्दही परक्या समजुतीवरून आलेला आहे. मध्ययुगीन युरोपात पात्याचा आकार यकृतासारखा दिसतो म्हणून ती यकृताच्या विकारावर गुणकारी मानली गेली आणि तेच नाव आपण भाषांतर करून घेतले. तरीही ते नाव वापरात आले तर माझी काही तक्रार नाही. नाव नसण्यापेक्षा ते बरे.

आता संरक्षणाच्या स्थितीविषयी, कारण माझा खरा मुद्दा तेथे आहे. लाल यादीत ‘किमान चिंता’ हा एक निष्कर्ष आहे. जातीचा विस्तार किती, संख्या घटते आहे का, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत 30 टक्क्यांहून अधिक घट झाली का, अशा ठरलेल्या निकषांवर कोणीतरी बसून तपासणी केली आणि जात सध्या धोक्याच्या वर्गात बसत नाही असे ठरले, असा त्याचा अर्थ होतो. जगातल्या सुमारे 11,000 पक्षिजातींची अशी तपासणी झालेली आहे. आपल्या देशात तर 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालासाठी 30 हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी वापरून 942 जातींचा आढावा घेतला गेला आणि 178 जातींना तातडीने लक्ष देण्याच्या गटात ठेवले गेले. यात शाळेतल्या शिक्षकांपासून बँकेतल्या कर्मचाऱ्यांपर्यंत सामान्य माणसांचे श्रम आहेत, आणि त्या श्रमांविषयी मला आदर आहे.

यकृतकांच्या बाबतीत चित्र अगदी उलटे आहे. जगात शेवाळींच्या, म्हणजे हरिता, यकृतका आणि शृंगका यांच्या, मिळून सुमारे 20,000 जाती आहेत. त्यांत यकृतका सात हजारांहून अधिक. जागतिक लाल यादीत या साऱ्यांपैकी काहीशे जातींचेच मूल्यांकन झालेले आहे. उरलेल्यांचा वर्ग ‘अमूल्यांकित’ असा लिहिला जातो, आणि सायाथोडियमसारख्या आपल्या बहुसंख्य यकृतका त्याच रकान्यात आहेत. अमूल्यांकित याचा अर्थ सुरक्षित असा नाही. ‘माहिती अपुरी’ असाही नाही, कारण तो वर्ग द्यायलाही आधी कोणीतरी तपासणी करावी लागते. कोणी तपासलेलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात, वर्तमानपत्रात, प्रकल्पांच्या कागदपत्रांत आणि आपल्या मनातही, धोक्याच्या यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे ‘किमान चिंता’ आणि ‘अमूल्यांकित’ हे दोन वर्ग एकत्र मिसळून जातात. रुग्णाची तपासणी होऊन तो बरा निघाला आणि रुग्ण दवाखान्यात गेलाच नाही, या दोन गोष्टी कोणी एक मानणार नाही.

तपासणी केल्यावर काय निघते याचे उदाहरण युरोपात आहे. 2019 मध्ये तेथील सुमारे 1,800 शेवाळींचे मूल्यांकन पूर्ण झाले आणि पाचांतली एकीहून अधिक जात नाहीशी होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. आपल्याकडच्या तुरळक उदाहरणांतही हेच दिसते. कश्यप यांनीच पश्चिम हिमालयातून वर्णन केलेली सीवार्डिएला ट्यूबरिफेरा ही यकृतका तिच्या वंशातली एकमेव जात आहे आणि लाल यादीत धोक्यातल्या जातींमध्ये नोंदलेली आहे. ती आधीच संपत आली होती आणि मग कोणी पाहिले, की पाहिल्यामुळे ती यादीत आली, याचा विचार वाचकांनी करावा.

यकृतकांची गणना करणे अवघड आहे, हे मान्य आहे. पक्षी जोडीने मोजता येतो, पण यकृतकेचे एक पाते दुभागत वाढते, मागचा भाग कुजतो आणि एकाच्या दोन होतात. मग एक ‘व्यक्ती’ कशाला म्हणायचे? तज्ज्ञांनी यावर व्यवहार्य तोडगा काढला आहे. जमिनीवर किंवा कातळावर वाढणाऱ्या शेवाळीसाठी, ती वसलेला एक चौरस मीटर म्हणजे एक व्यक्ती असे ते धरतात. या हिशेबाने माझ्या मोरीतल्या पोपटी पट्ट्यात सायाथोडियमच्या फार तर तीन ‘व्यक्ती’ होत्या.

होत्या, असे म्हणावे लागते. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्या मोरीची दुरुस्ती झाली. दगडांच्या दरजा खरवडून सिमेंटने भरल्या, आतून तारेच्या ब्रशने घासून घेतले आणि वरच्या दरडीवर जाळी ठोकून सिमेंटचा फवारा मारला. काम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. मोरी खचली असती तर एसटीही खाली गेली असती, आणि त्यांच्या कागदावर तेथे काही जिवंत आहे अशी नोंद कोणी केलेलीच नव्हती. त्याच मोरीच्या तोंडाशी, दगडाच्या खोबणीत, शीळकरी कस्तुराचे घरटे असे. माती, मुळे आणि हरितेचे पुंजके लिंपून केलेली ती जाडजूड वाटी मी अनेक वर्षे पाहिली. त्याखालच्या धोंड्यावर तो ओढ्यातला खेकडा आपटून फोडी आणि पांढरी नांगी दिवसेंदिवस तेथे पडून असे. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो दोनशे पावलांवरच्या एका पंपघराच्या तुळईवर घरटे करताना दिसला. सायाथोडियम चार पावसाळे झाले तरी त्या भिंतीवर परतलेली नाही. बीजाणू वाऱ्याबरोबर येत असतील, पण त्यांना रुजायला जुन्या चुन्याची भेग, सावली आणि झिरपणारी ओल लागते, आणि गुळगुळीत सिमेंटवर यांतले काही नाही.

पक्ष्याची उपेक्षा करून यकृतकेला मान द्यावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. कस्तुराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, ते असलेच पाहिजे. त्याच कायद्यात 1991 च्या दुरुस्तीने वनस्पतींची अनुसूची आली तेव्हा तीत सहाच नोंदी होत्या: बेडोमचा सायकस, निळा आणि तांबडा वांडा, लेडीज स्लिपर ऑर्किडे, कोष्ठ आणि घटपर्णी. यकृतका किंवा हरिता त्यांत एकही नव्हती. यकृतकांसाठी तातडीने नवा कायदा करावा अशीही माझी मागणी नाही. कायद्याच्या आधी नोंद लागते आणि नोंदीची सोय आपल्या हातात आहे.

जैवविविधता कायदा 2002 मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत पक्ष्यांची यादी बहुधा चांगली असते, औषधी वनस्पतींची बरी असते आणि ‘शेवाळ’ असा एक शब्द कोठे असलाच तर तलावाच्या पानावर असतो. पर्यावरणीय आघाताचे जे काही अहवाल माझ्या वाचनात आले, त्यांतही वनस्पतींची यादी सपुष्प वनस्पतींवर संपते. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने नोंदवहीच्या नमुन्यात हरिता आणि यकृतका यांच्यासाठी एक स्वतंत्र पान ठेवण्याची सूचना द्यावी, एवढे मागणे आपल्या स्तंभातून मांडावेसे वाटते. नाव अचूक लिहिता आले नाही तरी चालेल. जागा, महिना, आधार दगडाचा की मातीचा की झाडाच्या सालीचा, आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेले एक छायाचित्र, एवढे पुरे. ओळख पटवण्यासाठी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि गावोगावच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे शिक्षक आहेत, जे दरवर्षी मार्केंशिया या यकृतकेची साठवलेली नमुनापट्टी मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतात आणि ज्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर जिवंत यकृतका वाढत असते.

आपल्या संपादकीय विभागालाही एक विनंती आहे. एखाद्या जिवाची संरक्षणस्थिती छापताना ‘किमान चिंता’ आणि ‘अमूल्यांकित’ हे शब्द जसेच्या तसे छापावेत आणि दुसऱ्याच्या जागी ‘धोका नाही’ असे लिहू नये. त्याच छायाचित्राखाली ‘यकृतका वाढलेल्या दगडावर’ असे छापले असते, तर ती यकृतका म्हणजे काय हे विचारणारी चार पत्रे आपल्याकडे नक्की आली असती.

हे पत्र श्रावणातच लिहिण्याचे कारण सांगतो. त्या घाटात चुन्यात बांधलेल्या आणखी दोन मोऱ्या शिल्लक आहेत आणि त्यांतल्या वरच्या मोरीत गेल्या रविवारी सायाथोडियम मला पुन्हा दिसली, पट्टा लहान पण ताजा होता. रस्त्याची कामे दिवाळीनंतर निघतात, आणि पाहणीही तेव्हाच होते. त्या वेळी ही वनस्पती कंदांत शिरलेली असेल, भिंत कोरडी आणि रिकामी दिसेल, आणि पाहणी करणारा प्रामाणिक माणूसही कागदावर ‘काही नाही’ असेच लिहील. तिची नोंद व्हायची असेल तर ती गणपतीच्या आत व्हावी लागेल. स्थानिक समितीतले कोणी यायला तयार असतील तर मोरी दाखवायला मी बॅटरी घेऊन केव्हाही येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक
वाई, जि. सातारा